हळद प्यालेला स्टुडिओ

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणले, त्या सांगलीत आज एखाद्या हौशी नाट्यसंस्थेला तालमीसाठी जागा मिळवणे हे शिवधनुष्य उचलण्याहून सोपे नाही. आमची नाटकवाली मंडळी शाळेच्या व्हरांड्यात तालमी करीत आणि शिपाई किल्ल्या वाजवू लागला की तिसरा प्रवेश अर्ध्यात सोडून उठत. ओळखीची एक चित्रकार मुलगी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत चित्रे काढत असे, आणि एका तबलावादकाला घरच्यांनी दुपारच्या झोपेच्या वेळी रियाझ केल्यास जेवण न देण्याची ताकीद दिलेली होती. या सर्व निर्वासितांनी मिळून एकच सामाईक जागा उभी करावी, अशी कल्पना निघाली आणि गणपती पेठेच्या मागच्या बोळातली हळदीची एक जुनी वखार दृष्टीस पडली. व्यापार मार्केट यार्डात गेल्यापासून ती रिकामीच होती. मालक शेठजी म्हणाले, ‘‘भाड्याचं नंतर बघू. आधी दिवाबत्ती तरी होऊ दे.’’ या ‘नंतर’ शब्दाकडे आमच्यापैकी कोणीही लक्ष दिले नाही.

पैसे कोणाकडेच नसल्यामुळे ‘लोकसहभागातून’ हे काम करावे असे ठरले. लोकांनी सहभाग इतक्या उदारपणे घेतला, की आठवडाभरात पेठेतील सर्व घरांचे माळे रिकामे झाले आणि वखार भरली. किल्ली हरवलेले लोखंडी कपाट आले, त्यात काय आहे हे देणाऱ्यालाही आठवत नव्हते. थंड न होणारा फ्रिज आला, ‘‘रंगाच्या बाटल्या ठेवायला होईल’’ या शिफारशीसह. एका गृहस्थांनी आपल्या आजोबांची तसबीर दिली, कारण चित्रकारांना समोर माणूस लागतो आणि आजोबा हलत नाहीत. दिलेली वस्तू परत करणे अशक्य होते, कारण देणारा रोज भाजी आणायला जाता-येता डोकावून आपल्या खुर्चीवर कोणी बसले आहे की नाही हे पाहत असे, आणि ती खुर्ची तीन पायांची असल्याने कोणी बसलेले नसे.

खरा प्रसंग रंगकामाचा. डिस्टेंपर परवडणारे नव्हते, म्हणून शेजारच्या मंडळाच्या मुलांनी चुना आणला, कालवला आणि मोठ्या उत्साहाने पहिला हात मारला. त्या वेळी दाराशी बसलेले, याच वखारीत उमेदीची वर्षे पोती वाहिलेले एक म्हातारे हमाल शांतपणे म्हणाले, ‘‘ह्या भिंती हळद प्यालेल्या हायती. पांढऱ्या व्हायच्या न्हाईत.’’ तोपर्यंत भिंत लाल होऊ लागली होती. हळदीला चुना लागला की ती लाल होते आणि घरोघरचे कुंकू पूर्वी याच रीतीने तयार होई, हे आम्हांला सर्वांना ठाऊक होते. परंतु अनेक दशके पोत्यांतून उडालेली पूड भिंतीच्या गिलाव्यात मुरलेली असेल आणि तीच रसायनक्रिया वीस फूट लांबीच्या भिंतीवर घडेल, हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. ब्रश फिरेल तिथे तांबूस पट्टा उमटत होता आणि मुलांनी भिंत घाबरून पुसायला घेतल्यावर तो अधिकच पसरला. दुपारपर्यंत बातमी बोळभर झाली. संध्याकाळी पाच-सहा बायका ओटी घेऊन आल्या. वास्तूने आपणहून कुंकू लावले आहे, तेव्हा इथले पहिले कार्य हळदीकुंकवाचेच झाले पाहिजे, असे त्यांनी जाहीर केले आणि नाटक, चित्र, तबला यांना मागे सारून उद्घाटनाची तारीख त्यांनीच घेतली. त्या भिंती आजही तशाच आहेत. चित्रकार मुलगी प्रथम आनंदाने नाचली. मात्र त्या तांबूस उजेडात जुळवलेला चेहऱ्याचा रंग बाहेर उन्हात नेला की हिरवट दिसतो, हे लक्षात आल्यापासून ती पुन्हा गच्चीवर जाते आणि स्टुडिओत फक्त ब्रश धुते.

मग आवाजाचा प्रश्न. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवले की आवाज बाहेर जात नाही, अशी एका निवृत्त मुख्याध्यापकांची खात्री होती. शेठजींनी आपल्या वखारीत अंड्याची सावलीही येता कामा नये असे बजावले. अखेर ज्यांत अंडे कधीच ठेवलेले नाही असे कोरे ट्रे, दुकानदाराकडून तशी चिठ्ठी लिहून घेऊन, आणण्यात आले. त्यांनी खोलीतला घुमारा थोडा कमी झाला, इतकेच. आवाज अडवायला भिंतीत वजन लागते आणि दाराखालची फट बुजवावी लागते. पुठ्ठ्याला यातले काहीच जमत नाही. परिणामी पलीकडच्या घरातील आजींना आमचे अख्खे नाटक नायकाच्या आधी पाठ झाले. एकदा तो दुसऱ्या अंकात अडखळला, तेव्हा भिंतीपलीकडून पुढचे वाक्य आले, तेही योग्य जागी थांबून. त्यांना आम्ही रीतसर प्रॉम्प्टर नेमले. रात्री दहानंतर तालीम चालू दिसली तर तक्रार करण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला आहे आणि त्या तो स्वतःचे वाक्य सांगून झाल्यावर बजावतात.

सांगलीत कोणतीही जागा सजवताना एक प्रश्न अटळ असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी इथे कुठवर होते? आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी तिने ५७ फूट ओलांडले होते. वखारीतली पाण्याची रेघ आमच्या चुन्याखाली गेल्यामुळे ती नेमकी कुठे होती यावर पेठेत दोन तट पडले, आणि प्रत्येक जण आपल्या छातीवर, खांद्यावर किंवा कानाशी हात लावून पुरावा देऊ लागला. तोडगा त्याच हमालबाबांनी काढला. पोती चढवायची जुनी कप्पी आढ्याला अजून शाबूत होती. आता पावसाळा लागला की हार्मोनियम, तबला-डग्गा, चित्रे टेकवायचे लाकडी घोडे आणि मिरजेच्या एका तरुण कारागिराने तंबोऱ्यांसाठी वाळत ठेवलेले भोपळे, असे सगळे दोरखंडाने वर जाते. खाली उरतात नट, कारण त्यांना पोहता येते असे गृहीत धरलेले आहे. तबलावादकाचा डग्गा उतरवायला दोन माणसे लागत असल्याने जुलै ते सप्टेंबर तो मांडीवरच रियाझ करतो.

संस्था नोंदवायची म्हटली, तर कायद्याला किमान सात सदस्य हवेत. आमच्याकडे अध्यक्ष व्हायलाच त्याहून जास्त लोक तयार होते, आणि सदस्य म्हणून सही करायला कोणी नव्हते. तो विषय तिथेच आहे.

वेळापत्रकाचा मात्र निकाल लागला. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ सर्वांनाच हवी होती. तीवरून नाटकवाले आणि तबलावाले यांचे बोलणे जवळजवळ बंद पडले होते. अशा वेळी शेठजी स्वतः आले, भाड्याचा विषय काढतात की काय म्हणून आम्ही उठून उभे राहिलो, आणि ते म्हणाले, ‘‘लहानपणापासून पेटी शिकायची राहून गेली आहे. सहा ते आठ मी बसत जाईन.’’ दानशूर मालकाला नाही कोण म्हणणार? तेव्हापासून ते रोज वेळेवर येतात, कप्पीवरून हार्मोनियम उतरवून घेतात आणि सा रे ग म वाजवतात. ‘प’ पर्यंत पोहोचायला त्यांना घाई नाही. नाटक आणि तबला या दोन्ही गटांचा समेट झाला असून ते रोज सहाच्या सुमारास समोरच्या चहाच्या गाड्यावर एकत्र बसतात, आणि आजी भिंतीपलीकडून शेठजींना ‘‘आता पुढचा स्वर घ्या’’ म्हणून सांगत असतात.