‘लेखनाकडे लक्ष द्यावे’

दुसरीतल्या चिरंजीवांच्या डायरीत बाईंनी लाल पेनानं शेरा मारला आहे: ‘लेखनाकडे लक्ष द्यावे.’ अभिनंदन! आता एकच पथ्य पाळायचं. उद्या शाळेत जाऊन ‘बाई, नेमकं काय अडतंय?’ असं काही विचारून बसू नका. बाई सांगून टाकतील. म्हणतील, फळ्यावरचं बघून छान उतरवतो, पण मी सांगितलेलं लिहिता येत नाही. किंवा म्हणतील, उत्तर तोंडानं धडाधड सांगतो, कागदावर येईपर्यंत निम्मं गळतं. किंवा एवढंच, की दोन शब्दांत जागा सोडत नाही. ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा. एकदा का कळलं, की काहीतरी नेमकं करण्याची जबाबदारी तुमच्यावर येऊन पडते. त्यापेक्षा शेरा मोघम आहे तो मोघमच राहू द्या आणि घरात घराण्याची चौकशी सुरू करा. ‘आमच्याकडे सगळ्यांची अक्षरं मोत्यासारखी’ हे वाक्य कोणत्या बाजूनं आधी येतं, त्यावर पुढचे चार दिवस कसे जातील ते ठरेल. मुलगा तेवढ्यात कार्टून बघेल.

वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर एखादी वही येतेच. तारीख, समास, खाली पट्टीनं मारलेली रेघ, सगळं जिथल्या तिथे. तो फोटो मोठा करून चिरंजीवांना दाखवा. विचारा, ‘हिला जमतं, तुला का नाही?’ याचं उत्तर सात वर्षांच्या मुलाकडे नसतं, म्हणून तर विचारायचं.

आता हाताकडे वळू. मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि त्यातलं शेवटचं एक्स-रेमध्ये दिसायला लागतं ते नवव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान. ही माहिती डॉक्टरांपुरती ठेवा. बोटांत जोर येतो तो कणीक तिंबून, मटार सोलून, वाती वळून, ठिपक्यांची रांगोळी काढून, बुटाची नाडी बांधून. म्हणून या सगळ्यांपासून त्याला लांब ठेवा. कणकेला हात लावला की ‘पसारा नकोय’. मटार आणायचे ते सोललेले, बूट चिकटपट्टीचे. डब्याचं झाकण घट्ट बसलं असेल तर लगेच उघडून द्या. मग संध्याकाळी त्याच बोटांत पेन्सिल कोंबून विचारा, ‘जेवत नाहीस का? अक्षर एवढं पुसट कसं?’

डावखुरा असेल तर आजींना कळवा. ‘जेवायचा हात कोणता?’ इथून सुरुवात करून त्या लढा शेवटपर्यंत नेतील. वही थोडी उजवीकडे कलती ठेवली आणि पेन्सिल जरा वरून धरली की डावखुऱ्या मुलाला स्वतः लिहिलेलं दिसतं, हाताखाली ते फासलं जात नाही. पण अशा फुकटच्या उपायांवर आपला विश्वास बसत नाही, आणि तेच बरं.

सेमी-इंग्लिशचा एक मोठा फायदा कुणी सांगत नाही. इंग्रजी अक्षरं रेघेवर बसतात, मराठी अक्षरं रेघेला लोंबतात. एका तासाला बसवायची, पुढच्या तासाला लोंबवायची. त्यात एका विषयाला चौरेघी वही, दुसऱ्याला दुरेघी, गणिताला चौकटींची. मोठ्या माणसानं स्वतः चौरेघीत चार ओळी मराठी लिहून बघितली तर त्याला घाम फुटेल. तुम्ही बघू नका. भर म्हणून ‘ल’ आणि ‘श’ आहेतच. पाकळीचा ल आणि देठाचा श असं २०२२च्या शासन निर्णयानं लिहून ठेवलं आहे, पण घरातल्या मोबाइलवर बहुतेक वेळा हिंदी वळणाची अक्षरं दिसतात. दोन वेगळे ल बघून तो गोंधळला तर ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ म्हणायला तुम्ही मोकळे.

वळणांचंही तेच. ग, म, भ, न ही एका कुळातली अक्षरं, म्हणून जुने मास्तर ती एकत्र गिरवून घेत. हात एका वळणात बसला की पुढचं अक्षर निम्मं आलेलं असे. आपल्याकडे तेवढा वेळ नाही. ‘अ’ अननसाचा इथून निघायचं ते ‘ज्ञ’ यज्ञाचा इथेच थांबायचं, एका बैठकीत, रविवारी, क्रिकेटची वेळ बघून.

चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावणं हा तर आपला राष्ट्रीय उपचार. ‘सूर्य’ द्या. मग जवळ बसून नीट बघा, फार प्रेक्षणीय असतं. पहिल्या ओळीत तो ‘सुर्य’ लिहितो, पहिल्या उकाराचा. दुसऱ्या ओळीपासून वर बघून उतरवतो. चौथ्या ओळीला त्याला शोध लागतो की शब्द लिहिण्याची गरजच नाही. मग उरलेले ‘सु’ एकाखाली एक, शिडी उतरल्यासारखे. त्यानंतर सगळे ‘य’. शेवटी वरून खाली येत सगळ्यांना रफार, जाता जाता दोन-तीन शेजारच्या अक्षरावर. दहा मिनिटांत दहा वेळा तीच चूक गिरवून पक्की होते. सही करा.

आता निबंध. इथे तुमचा कस लागतो. विषय आहे पावसाळा, पाच ओळी. तुम्ही स्वयंपाकघरात असताना चिरंजीवांनी परस्पर लिहून टाकलं आहे:

‘पाउस आला. बाबाची गाडी बद पडली. मी ढकल्ली. चपल वाहून गेली. बाबा हसला.’

घाबरू नका. मुलानं आपल्या डोक्यातलं काहीतरी कागदावर उतरवलं आहे, पण ते वेळेत लक्षात आल्यानं अजून आवरता येईल. आधी चुका मोजा. पाच वाक्यांत चार. ‘पाऊस’चा ऊ दीर्घ, ‘बंद’वर टिंब नाही, ‘ढकलली’त जोडाक्षर कुठून आलं, आणि ‘चप्पल’ला जिथे हवं होतं तिथे का नाही? बाबा हसला म्हणजे काय, बाबा हसले! घटना घडली आहे, क्रमानं घडली आहे, शेवटाला माणूस हसतो आहे, याकडे तुमचं लक्ष जाण्याचा धोका आहे, म्हणून रबर आधी हातात घ्या. सगळं खोडा. कागद फाटला तर पान बदला, मधलं पान फाडल्यावर शेवटचं सुटून येतं तेही काढून टाका. मग कमरेवर हात ठेवून सांगायला लागा, ‘लिही. पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे. पावसाळ्यात धरणीमाता हिरवा शालू नेसते.’

तो विचारेल, ‘शालू कोण?’

‘लिही आधी.’

‘बळीराजा आनंदित होतो’ हे पुढचं वाक्य. बळीराजा कोण हे तो आता विचारणार नाही, एवढ्यात तो शहाणा झालेला असतो. दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर वह्यांचा ढीग पडतो आणि निम्म्याहून अधिक वह्यांत धरणीमाता शालू नेसून उभी असते. सगळ्यांना ‘छान’. वाहून गेलेली चप्पल मात्र कुणाच्याच वहीत नाही, आणि ती नवी होती.

काही विक्षिप्त पालक असतात. मूल बोलतं ते आधी स्वतः लिहून घेतात, मग तेच त्याला वाचायला आणि बघून लिहायला देतात. आपलंच वाक्य असल्यामुळे पुढचा शब्द काय ते मुलाला ठाऊक असतं, सगळी शक्ती अक्षरात घालता येते. आणि चुकांपैकी एका वेळी एकच निवडतात, म्हणजे या आठवड्यात फक्त अनुस्वार. त्यांच्या नादी लागू नका. अनुस्वार सुधारत असताना ‘चपल’ तशीच पडून राहणार. झोप लागेल तुम्हाला?

सरकारचं या कामी सहकार्य असतंच. २०२१मध्ये केंद्राचं निपुण भारत अभियान आलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता, लिहिता आणि साधं गणित करता यावं, मुदत २०२६-२७. नंतर दप्तराचं ओझं कमी करायचं म्हणून पाठ्यपुस्तकांतच लिहायला कोरी पानं शिवली. पुस्तकं जाड झाली, पोरं वह्याही आणतच राहिली, आणि २०२५च्या सुरुवातीला पानं काढून टाकायचं ठरलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचा निर्णय झाला आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. पहिलीतल्या मुलाचा ‘क’ अजून रेघेला लागायचा होता. मुलांना काय येतं ते गावोगावी तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाचा अहवाल आला की बातमी होते वाचनाची आणि वजाबाकी-भागाकाराची. लिहिण्याची होत नाही. त्यामुळे तुमच्या घरात जे चाललंय त्यावर कुणाची नजर नाही, निश्चिंत राहा.

एक अडचण उरते. काही मुलांना सगळं करूनही लिहिणं जमत नाही, कारण अडचण मुळातच वेगळी असते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशी अडचण ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या नावानं आहे, प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळतं, आणि मुंबईत सायन, केईएम, नायर या सार्वजनिक रुग्णालयांत तपासणी होते. इथे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही उत्तम. पहिला, पाचव्या वर्षी ‘ब’ आणि ‘व’मध्ये गल्लत झाली की त्याच रात्री मोबाइलवर वाचून निदान करून टाकायचं. दुसरा, जास्त प्रतिष्ठेचा: ‘आमच्या घरात असलं काही नाही’ म्हणत दहावीपर्यंत त्याला आळशी म्हणायचं, आणि परीक्षेला जादा वेळ मिळतो असं कळलं की मग त्याच्या मागे लागून प्रमाणपत्रासाठी धावायचं. आठ वर्षं तो स्वतःला मठ्ठ समजत होता, हे त्या रांगेत कुणी विचारत नाही.

हस्ताक्षर सुधार वर्ग लावाच. पंधरा दिवसांत अक्षर वळणदार होतं, निदान त्या वर्गाच्या वहीत. शेवटच्या दिवशी आधीचं पान आणि नंतरचं पान शेजारी लावून फोटो काढतात. नंतरच्या पानावरचा मजकूर वर्गातल्या सरांचा असतो, म्हणजे शालू तिथेही भेटेल.

घरात मात्र लिहिताना कुणी दिसता कामा नये. तुम्ही शेवटचं हातानं काय लिहिलंत? चेकवर सही. तेच ठेवा. निरोप द्यायचा तर मोबाइलला बोलून. फ्रिजवर चिठ्ठी नको, आजोबांना पत्र नको, आणि वाणसामानाची यादी तर चुकूनही त्याच्या हाती देऊ नका. तो ‘ख’चे दोन भाग लांब-लांब काढतो, साखरेची ‘सारवर’ होते. वाणी ते वाचून निमूटपणे साखर बांधून देईल. मग मुलाला कळेल की आपण लिहिलेलं कुणीतरी वाचतं आणि त्यानं खरोखर काहीतरी घडतं, पिशवीत साखर येते. हे एकदा कळलं की तो जिथे तिथे लिहायला लागतो. तुमची सगळी मेहनत पाण्यात.

समजा एवढी काळजी घेऊनही एखाद्या संध्याकाळी दाराच्या कडीत चिठ्ठी सापडली, ‘मी खाली खेळाला गेलो आहे रागाऊ नको’. विरामचिन्ह नाही, ‘खेळायला’मधला य गायब, ‘रागावू’चं काय झालंय ते दिसतंच आहे. ती चिठ्ठी ठेवून वगैरे देऊ नका. लाल पेन घ्या, गोल करा, गॅलरीत जाऊन त्याला हाक मारा आणि वर बोलवा. डाव त्याच्यावर असेल, पोरं ओरडतील. ओरडू देत. दहा वेळा ‘खेळायला’ लिहून झालं की मग जा म्हणावं.