बेकेटच्या खुनामागचा राज्याभिषेक

बेकेटवरचा लेख आवडला, पण कँटरबरीचा आर्चबिशप (इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख) थॉमस बेकेट याचा खून फक्त पाद्र्यांवरचे खटले राजाच्या की चर्चच्या कोर्टात चालवायचे या वादातून झाला हे जे लिहिलंय ते अपुरं वाटतं. तो वाद 1164 चा, क्लॅरेंडनच्या कलमांचा, म्हणजे चर्चवर राजाचा अधिकार वाढवणाऱ्या नियमांचा. ठिणगी पडली ती 14 जून 1170 च्या राज्याभिषेकाने आणि लेखात त्याचा उल्लेखच नाही! इंग्लंडचा राजा दुसऱ्या हेन्रीने स्वतः जिवंत असताना पंधरा वर्षांच्या मुलाला (तोही हेन्रीच) वेस्टमिन्स्टरमध्ये मुकुट घातला. आता गादीवरून पुन्हा यादवी नको, हे समजू शकतो, आई मटिल्डा गादीसाठी लढली तेव्हाची त्याने लहानपणी बघितली होती, पण राजाला अभिषेक करायचा मान कँटरबरीच्या आर्चबिशपचा आणि तो बेकेट तर फ्रान्समध्ये परागंदा, मग पोपची मनाई असताना यॉर्कचा आर्चबिशप रॉजर याच्याकडून उरकून घेतलं. वर सून मार्गारेटला मुकुट नाहीच, म्हणून तिचा बाप फ्रान्सचा राजा लुई पण भडकला.

जुलैत राजा आणि बेकेटचा समेट झाला खरा, पण परत येताना बेकेटने त्या अभिषेकात भाग घेतला म्हणून रॉजरला निलंबित केलं, लंडन आणि सॉल्झबरीच्या बिशपना बहिष्कृत केलं, ते तिघं नॉर्मंडीत राजाकडे गेले, राजा संतापला आणि त्याचे चार सरदार कँटरबरीला निघाले. 29 डिसेंबरला तिथल्या कॅथेड्रलमध्येच बेकेटचा खून.

त्या मुलावर, म्हणजे धाकट्या हेन्रीवर, वेगळा लेख लिहाच प्लीज. 1172 मध्ये विंचेस्टरला मार्गारेटसोबत परत मुकुट, 1173 मध्ये बापाविरुद्धच बंड, आणि 1183 मध्ये बापाच्या आधीच गेला. फार वाईट वाटतं त्याच्याबद्दल.