ब्रेक घरी, कॅमबेल्ट गॅरेजमध्ये: चिंचवडच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि कळकळीनं लिहिलेली आहे, म्हणून खाली दोन ओळींत उत्तर न देता स्वतंत्र लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी इथे ब्रिटनमध्ये माझ्या २००४ सालच्या रेनो क्लिओ १८२ ला ट्रॅक-डेसाठी, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी चालवायच्या दिवसासाठी, घरी काय काय केलं ते लिहिलं होतं. पॅड, ब्रेक ऑइल, होज, टायर, पुढचे शॉकअप आणि स्प्रिंगा. काकांची हयात चिंचवडच्या एका कारखान्यात ब्रेकच्या तपासणीत गेली. त्यांचं म्हणणं असं: ब्रेक हा घराच्या अंगणात करायचा विषय नाही, कारखान्यात प्रत्येक आवळणीची नोंद असते, तुमच्यावर कोण नजर ठेवतं? एवढा खर्च करून इंजिनाला हातच लावला नाही, मग हे मॉडिफिकेशन कसलं? त्यापेक्षा नवी गाडी घ्या. रेसिंगचे चार-पॉइंट पट्टे तरी लावा. आणि शेवटी, हे वाचून इकडची पोरं गाडी खाली बसवायला स्प्रिंगा कापत सुटतील.

इंजिनाच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

ही गाडी भारतात कधी विकली गेली नाही, म्हणून आकडे देतो. १९९८ सीसीचं टर्बो नसलेलं इंजिन, १८२ पीएस ताकद, वजन ११०० किलोच्या आसपास. फ्रान्समधल्या दिएपच्या अल्पीन कारखान्यात ती जुळवली जायची. वीस वर्षांनंतरही ती सरळ रस्त्यावर कुणाला कमी वाटणार नाही. आता मी आत बसलो, थोडं पेट्रोल धरलं, म्हणजे १२०० किलो समजा. ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणायची तर ब्रेकला सुमारे ९०० किलोज्युल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तेवढ्या उष्णतेत अडीच लिटर गार पाण्याला उकळी येईल, आणि हे एका वळणासाठी. दीड-दोन मिनिटांच्या लॅपमध्ये (ट्रॅकच्या एका फेरीत) अशी दोन-तीन वळणं येतात आणि एकेक सत्र पंधरा-वीस मिनिटांचं असतं.

समजा मी इंजिनावर पैसे घातले आणि त्याच सरळ पट्ट्याच्या शेवटी गाडी १६० ऐवजी १७५ ला पोचली. वेग वाढला फक्त १५ नं. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाबरोबर वाढते, त्यामुळे ८० पर्यंत उतरायला ब्रेकवरचा बोजा चौथ्या हिश्शाहून जास्त वाढतो, आणि दोन ब्रेकिंगच्या मध्ये डिस्क थंड व्हायला मिळणारा वेळ उलट कमी होतो. हे गणित तुम्हाला मी सांगायला नको. म्हणूनच तुमच्यासारख्या माणसानं ‘इंजिनाला हात लावला नाही’ अशी तक्रार करावी याचं मला नवल वाटलं. माझ्या मते ट्रॅकसाठी गाडी तयार करणं म्हणजे पहिल्या लॅपला ती जशी थांबली, वळली, तशीच दहाव्या लॅपला थांबेल आणि वळेल अशी करणं. ते साधलं की मग ताकदीचा विचार. शिवाय टर्बो नसलेल्या इंजिनाला नुसता रीमॅप (इंजिनाच्या संगणकातल्या आकड्यांत फेरफार) करून हाती फार थोडं लागतं. त्यातून खरी वाढ हवी तर कॅमशाफ्ट, इनटेक, एक्झॉस्ट असं सगळंच बदलत जावं लागतं, त्यानं आवाज वाढतो, आणि इथल्या ट्रॅकवर आवाजाची तपासणी पास झाल्याशिवाय आत सोडत नाहीत. माझ्या घरापासून पाऊण तासावरचं बेडफर्ड ऑटोड्रोम या बाबतीत विशेष कडक आहे. थर्लीच्या जुन्या विमानतळावर बांधलेली ती जागा आहे, वळणांच्या बाहेर मोकळी जागा भरपूर. नवख्या माणसानं तिथूनच सुरुवात करावी असं मी प्रत्येकाला सांगतो.

आता ब्रेक घरी करण्याबद्दल.

रस्त्यावरच्या गाडीचे ब्रेक ट्रॅकवर दोन तऱ्हांनी साथ सोडतात, आणि त्या दोन्ही पायाला वेगवेगळ्या कळतात. पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला तर पेडल कडकच राहतं, तुम्ही जीव खाऊन दाबता, पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनांक प्रमाणानुसार नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणजे दोन-तीन वर्षं न बदललेलं ऑइल घेऊन कुणी ट्रॅकवर उतरला, तर त्याच्या गाडीत कितीही महागडे पॅड असोत, तो धोक्यात आहे. मी ३०० अंशांच्या वर उकळणारं ऑइल वापरतो आणि हंगामाच्या सुरुवातीला ते पूर्ण बदलून हवा काढतो. या एका कामाला लागणारं साहित्य म्हणजे एक पारदर्शक नळी, एक बाटली, योग्य मापाचा पाना आणि पेडलवर बसायला दुसरं माणूस. मागच्या लेखात ज्या कामांची यादी होती, त्यात प्रत्येक पौंडाला सर्वांत जास्त सुरक्षितता देणारं काम हेच.

तुम्ही विचारलंत, नजर कोण ठेवतं. प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. गाडी सपाट काँक्रीटवर, चारही कोपऱ्यांना घोड्यांवर (पोलादी स्टँडवर). नुसत्या जॅकवर असताना मी तिच्याखाली हातसुद्धा घालत नाही. कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं, वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर. आवळला की त्यावर रंगाच्या पेननं बोल्टपासून कॅलिपरपर्यंत एक आडवी रेघ, म्हणजे तो हलला तर रेघ तुटलेली दिसते. होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. होज बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून तो कुठे ताणला किंवा घासला जातो का ते पाहणं. मग माझी बायको वही हातात घेऊन एकेक ओळ वाचते आणि मी त्या बोल्टला हात लावून दाखवतो. तिला गाड्यांचं वेड नाही, पण रुग्णालयात शस्त्रक्रियेआधी यादी वाचायची शिस्त तिच्या नोकरीत आहे आणि तिच्या यादीतून एकही ओळ निसटत नाही. त्यानंतर गल्लीत चालण्याच्या वेगानं ब्रेक, मग रिकाम्या रस्त्यावर, मग नवे पॅड डिस्कवर रुळवण्याची प्रक्रिया: मध्यम वेगावरून ओळीनं अनेकदा वेग उतरवायचा, गाडी पूर्ण उभी करायची नाही, आणि शेवटी न थांबता चालवत डिस्क थंड करायच्या. ट्रॅकवर प्रत्येक सत्रानंतर एक लॅप सावकाश, गाडी उभी केल्यावर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये, आणि चाकं गार झाली की चाकांचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचनं.

गॅरेजमध्ये दिलेल्या गाडीला हे सगळं होतंच असं नाही. घाईच्या दिवशी एअर गननं बोल्ट ठोकून गाडी बाहेर काढणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

आणि जुन्या गाडीच्या बाबतीत अंगणातल्या कामाचा आणखी एक मोठा फायदा आहे. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यानं गाड्यांचे पोलादी ब्रेक पाइप खालून गंजतात, स्प्रिंगांची खालची वेटोळी गंजून तुटतात. पॅड बदलायला चाक काढलं की मी तारेच्या ब्रशनं पाइप साफ करून बॅटरीच्या उजेडात पाहतो. मागच्या चाकांकडे जाणारा पाइप असाच खवले धरलेला दिसला आणि मी तो कॉपर-निकेलचा करून घेतला. इथे ३ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे का याची तपासणी, लागते आणि ती चांगली असते. पण ती वर्षातला एक दिवस पाहते, मी बाराही महिने पाहतो.

तरी सगळंच घरी करावं असं मी कधीच लिहिणार नाही. कॅमबेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा इंजिनातला पट्टा, हे त्यातलं पहिलं काम. या इंजिनाच्या क्रँकवरच्या टायमिंग चाकाला जागेवर अडकवणारी चावी (धातूची खुंटी) नसते. ते फक्त बोल्टच्या दाबावर धरलेलं असतं. कॅमशाफ्ट आणि क्रँक खास हत्यारांनी जागच्या जागी अडकवल्याशिवाय बोल्ट सोडला की टायमिंग सरकतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. रेनोनं हा पट्टा ५ वर्षांनी किंवा ७२,००० मैलांनी बदलायला सांगितला आहे. ते काम याच गाड्या करणाऱ्या माणसाकडे. व्हील अलाइनमेंटही बाहेरच. पुढच्या चाकांना मूळ रचनेपेक्षा जास्त निगेटिव्ह कॅम्बर (चाकाच्या वरच्या बाजूचा आतला कल) दिला आहे, तो लेझरच्या मोजणीशिवाय कुणी लावू नये. एअरबॅग आणि सीटबेल्टच्या स्फोटक प्रिटेन्शनरला (धडकेत पट्टा क्षणात आवळणाऱ्या यंत्रणेला) मी हात लावत नाही. स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरायची ज्याला धास्ती वाटत नाही त्यानं शॉकअपचं काम घरी करूच नये, हे माझं ठाम मत आहे. दाबलेल्या स्प्रिंगेत माणसाचा जबडा फोडण्याइतकी ताकद असते.

सीटच्या पट्ट्यांबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. चार-पॉइंटचे पट्टे दिसायला अधिक सुरक्षित वाटतात. पण मूळ सीटवर, मांड्यांमधला पट्टा नसताना, समोरून धडक बसली की खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर ओढतात आणि तो ओटीपोटावर चढतो. गाडी उलटली तर खांदे घट्ट बांधलेले असल्यामुळे माणूस बाजूला कलू शकत नाही आणि छत डोक्यावर येतं. त्या पट्ट्यांना रोल केज (गाडीच्या आत बसवलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा) लागतो, योग्य सीट लागते. आणि केज लावून तीच गाडी हेल्मेटशिवाय रस्त्यावर चालवायची म्हटलं तर डोक्याशेजारी पोलादी नळी येते. माझी गाडी ट्रॅकवर चालत जाते आणि चालत परत येते. म्हणून तीन-पॉइंटचा मूळ पट्टा, मूळ एअरबॅग, चालू एबीएस. मागची सीट तेवढी काढतो. केज आणि सहा-पॉइंट पट्टे हे ट्रेलरवरून नेण्याच्या गाडीसाठी योग्य.

नव्या गाडीचं उत्तर वजनात आहे. आजची गोल्फ जीटीआय १४०० किलोच्या आसपास भरते. जास्त वजन म्हणजे जास्त उष्णता, मोठ्या डिस्क, रुंद टायर, आणि त्यातलं सगळं लवकर झिजणारं. क्लिओचे १६ इंची टायर आणि २८० मिलिमीटरच्या पुढच्या डिस्क मला परवडतात, म्हणून मी झीज दिसली की बदलतो, ढकलत नेत नाही. रस्त्याचा विमा बहुतेक वेळा ट्रॅकला लागू नसतो, तेव्हा ठोकली तर नुकसान आपलंच, हाही विचार आहेच. केलेला प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवलेला आहे.

राहिली पुण्या-मुंबईची पोरं. काका, इथे तुमची काळजी माझीही आहे, म्हणून त्यांच्याशीच बोलतो.

मित्रांनो, स्प्रिंग कापू नका. कापलेली स्प्रिंग कडक होते पण शॉकअप जुन्याच स्प्रिंगेच्या मापाचा राहतो, आणि चाक खड्ड्यात किंवा गतिरोधकावरून पूर्ण खाली सुटलं की तोकडी स्प्रिंग बैठकीतून सरकू शकते. भारतात कायदाही वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. पण तुमच्या जुन्या स्विफ्टला किंवा पोलोला कायद्यात राहून खूप करता येतं: त्याच मापाचे उत्तम टायर, ताजं ब्रेक ऑइल, चांगल्या दर्जाचे पॅड, झिजलेले बुश आणि बॉल जॉइंट नवे, कंपनीच्या मापात अचूक अलाइनमेंट, डिकीतला पसारा बाहेर. एवढ्यानं गाडी किती बदलते ते पाहा. आणि वेग घाटात नको. कोइम्बतूरचा कारी स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक पुण्याहून फार लांब आहेत, प्रवासाचा खर्च आहे, हे मला ठाऊक आहे. तरी वर्षातून एकदा चार मित्रांनी मिळून तिथे जाणं ताम्हिणीत रोज रात्री जीव टांगणीला लावण्यापेक्षा शतपटीनं बरं. तिथे समोरून एसटी येत नाही, वळणावर झेंडा घेऊन माणूस उभा असतो आणि रुग्णवाहिका तयार असते.

काका, एक गोष्ट तुमच्याकडून शिकायची आहे. नव्या डिस्कचा रनआउट (फिरताना होणारी तिची डगमग) मी हबचा, म्हणजे डिस्क जिच्यावर बसते त्या बैठकीचा, गंज घासून, डिस्क बोल्टांनी आवळून, डायल गेजनं काठापासून थोडं आत मोजतो. तुमच्या लाइनवर तो हबसकट मोजायचे की डिस्कचा आणि हबचा वेगवेगळा? आणि हबवर डिस्क एका बोल्टच्या जागेनं फिरवून बसवल्यावर तो कमी होतो, हे तुम्ही मुद्दाम जुळवून घ्यायचात का? लिहाल तेव्हा सविस्तर लिहा. वहीतली ती ओळ मी तुमच्या पद्धतीनं बदलून घेईन.