विंडोजचा फेरफार: प्रामाणिक माणसांसाठी काही सूचना

नवीन संगणक घेतलात? अभिनंदन. काय म्हणता, जुन्यावरचं विंडोज पैसे देऊन घेतलंय आणि ते नव्यावर न्यायचंय? मग अभिनंदन परत घेतो. असलं काही सोलापुरात चारचौघांत बोलू नका. तुमचं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचं युनिट असो नाहीतर नव्या पेठेत चादरीचं दुकान, लोक आधी धंदा बरा चाललाय ना, याची चौकशी करतील.

संगणक जोडून देणारा तर हसणारच. त्याचं कोटेशन आठवा. पॅडचा कागद, त्यावर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट, कीबोर्ड-माऊसचा कॉम्बो, प्रत्येकापुढे रक्कम, आणि बाजूला बारीक अक्षरात ‘बिल पाहिजे असल्यास जीएसटी वेगळा’. सगळ्यात खाली, रेघ मारायच्या आधी: ‘विंडोज, ऑफिस, अँटीव्हायरस – फ्री’. माऊसपॅडसुद्धा फ्रीच असतो, पण तो मागावा लागतो. विंडोज न मागता मिळतं.

म्हणून पहिली सूचना अशी की, पैसे मोजूच नका. फुकट घेणाऱ्याला बदलीचा प्रश्न कधी पडत नाही. नवा संगणक आला की पोरगं पेनड्राइव्ह घेऊन येतं, ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ म्हणतं, चहा पितं आणि ‘झालं की ओ’ म्हणून निघून जातं. किल्ली (विंडोज चालू करायचा 25 अक्षरांचा कोड) कुठली, बिल कुठंय, कुणी विचारत नाही. चौकशी होते ती ज्याने पैसे दिले त्याची. आता 1957च्या कॉपीराइट कायद्यात 63-ब नावाचं एक कलम आहे. चोरीची प्रत संगणकावर वापरली तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. घाबरू नका, त्या कलमात ‘जाणूनबुजून’ अशी अट आहे. अर्थात हे इथपर्यंत वाचलंत, म्हणजे तीही सवलत गेली.

तरीही हट्ट सोडणार नसाल तर तुमचं लायसन्स कुठल्या जातीचं आहे ते बघा. काळी कमांडची खिडकी उघडा आणि एसएलएमजीआर, एक जागा, स्लॅश, डीएलआय असं रोमन अक्षरांत टाइप करा. जे पान उघडेल त्यात रिटेल (सुटं विकत घेतलेलं), ओईएम किंवा व्हॉल्यूम (मोठ्या संस्थांना घाऊक दिलेलं) यांतला एक शब्द सापडेल. रिटेल असेल तर नशीब काढलंत: एका वेळी एकाच संगणकावर, पण हवं तेव्हा हलवता येतं. ओईएम म्हणजे संगणकाबरोबरच आलेलं. ते मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, दुसऱ्या संगणकावर जात नाही. आपल्याकडे माणूस गेला तरी तलाठ्याकडे वारसनोंद होते, फेरफार निघतो, सातबारा पुढे चालतो. ओईएमला वारसच नाही. पैसे तुम्ही दिले असाल, पण नाव बोर्डाचं.

इथे एक बारकावा आहे आणि तो मला मनापासून आवडतो. रॅम बदला, डिस्क बदला, कॅबिनेट बदला, संगणक तोच राहतो. बोर्ड मात्र हौसेने बदलला तर नियमाप्रमाणे तो नवा संगणक, लायसन्स नवं घ्या. तोच बोर्ड बिघडला म्हणून कंपनीने तसाच दुसरा बसवून दिला तर जुनं लायसन्स चालतं. तेव्हा सुधारणा वगैरेच्या नादी लागू नका, बिघाडाची वाट बघा. सोलापूरकराला ते अवघड नाही. एप्रिल-मेचं ऊन आहे, जाऊन-येऊन असलेली लाइट आहे, आणि लूमशेजारच्या खोलीत संगणक असेल तर पंख्यात सुताची रुई बसतेच. कॅबिनेट उघडलं की प्रोसेसरवरचा पंखा दिसतच नाही, पांढरी गादी दिसते. ती ब्रशने साफ करायचा मोह टाळा.

जुनं मशीन विंडोज 7च्या काळातलं असेल तर किल्लीचा स्टिकर कॅबिनेटवर असेल. (विंडोज 8 पासून ती कारखान्यातच बोर्डावरच्या चिपमध्ये टाकतात, म्हणजे वाचायचाही त्रास नाही आणि न्यायचाही.) भिंतीकडच्या बाजूला, पुसट झालेली, 25 अक्षरं, पाच-पाचचे पाच गट. मोबाइलची बॅटरी मारून वाचा. शून्य आणि ओ यांत गोंधळ होईल म्हणून कंपनीने दोन्ही वगळलेत, केवढी ती माया. बी आणि 8 मात्र दोन्ही ठेवलेत. जी आणि 6 सुद्धा. ती 25 अक्षरं टाकून विंडोज 10 किंवा 11 चालू करायची सोयही कंपनीने सप्टेंबर 2023मध्ये बंद केली, पण वाचनाचा सराव वाया जात नाही.

ऑनलाइन चार-पाचशे रुपयांत ‘आजीवन’ किल्ली मिळते, तीही घ्या. बऱ्याचदा ती कुठल्या तरी मोठ्या संस्थेच्या व्हॉल्यूम लायसन्समधून गळालेली असते. म्हणजे तुमचं बिलिंग काउंटर कागदोपत्री दूरच्या एखाद्या कंपनीत नोकरीला लागतं. पगार नाही, पण पद आहे. केएमएस नावाच्या व्हॉल्यूम प्रकारात तर 180 दिवसांच्या आत त्या संस्थेच्या सर्व्हरवर हजेरी लावावी लागते. चुकली की उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत सूचना उमटते आणि सेटिंगमधून वॉलपेपर बदलणं बंद होतं. एवढीच शिक्षा. आपल्या पोरांनी तीही मोडून काढलीय: सिद्धरामेश्वरांच्या फोटोवर राइट क्लिक करून तिथूनच वॉलपेपर लावतात.

रिटेलवाल्यांचं काम कागदावर सोपं. जुन्या संगणकावर तीच एसएलएमजीआरची कमांड, शेवटी डीएलआयऐवजी यूपीके लावून, किल्ली उतरली. नव्यावर आयपीके आणि ती 25 अक्षरं, किल्ली चढली. फोनवरून चालू करायची जी पद्धत होती तिच्यात 63 आकडे मशीनला ऐकवायचे, मग ते 48 आकडे ऐकवणार, मध्येच विचारणार की ही प्रत किती संगणकांवर आहे. उत्तर ‘एक’. खरं असलं तरी ‘एक’च सांगायचं.

2016 पासून त्याहून सोपा मार्ग आहे. लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असलं की नव्या संगणकावर त्याच खात्याने आत जायचं, ‘हार्डवेअर नुकतंच बदललं’ यावर टिचकी मारायची, जुना संगणक यादीतून निवडायचा. आता आठवा, ते खातं कुणी काढलं होतं? तुम्ही गिऱ्हाइकात होता. ‘ईमेल आहे का काका?’ असं विचारून, तुम्ही ‘तूच टाक कुठलाबी’ म्हटल्यावर, तेव्हाच्या अकाउंटंटने स्वतःचा टाकला. मोबाइल नंबर त्याचा, पासवर्ड त्याचा. तो आता पुण्यात हिंजवडीला. ओटीपी त्याच्याकडे जाणार. फोन करा, पण रात्री नऊनंतर, आणि आधी लग्नाचं विचारा. ‘काका, मागच्या दिवाळीचा बोनस राहिला होता’ हे वाक्य येईलच. ते लायसन्सच्या किमतीत धरा.

हे सगळं पार पडलं की जुना संगणक भाच्याला देऊन टाकाल. त्यावर आता लायसन्स नाही; विंडोज 10चा नेहमीचा आधारही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) नसल्याने विंडोज 11 त्याला दारात उभं करत नाही. लिनक्स टाका, फुकट आहे आणि खरोखरच फुकट आहे, म्हणून कुणी घेत नाही.

आणि विंडोजचं बिल जपा. थर्मल कागदाचं असेल तर इथल्या उन्हाळ्यात पांढरं पडतं, आजच झेरॉक्स काढून घ्या. मोबाइलमध्ये फोटोही काढा, फक्त त्या मोबाइलचा बॅकअप कुणाच्या खात्यावर जातो ते एकदा बघून ठेवा.