जिभेच्या त्या ‘नकाशा’बद्दल खुलासा

शेंड्याला गोड, कडांना खारट-आंबट, मागे कडू अशी वाटणी दाखवणारं जिभेचं चित्र पुन्हा फिरतंय. ते चुकीचं आहे. १९०१ मध्ये जर्मन संशोधक हेनिग यांनी जिभेच्या निरनिराळ्या भागांची संवेदनक्षमता मोजली. फरक सापडला, पण अगदी किंचित. १९४२ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंग यांनी काढलेल्या आलेखात तोच फरक भलामोठा भासू लागला आणि पाठ्यपुस्तकांनी तर सरळ सीमारेषाच आखल्या! प्रत्यक्षात जिथे रुचिकलिका (चव ओळखणारे जिभेवरचे सूक्ष्म अवयव) आहेत, तिथे सगळ्याच चवी कळतात. संशोधक व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांच्या १९७४ च्या फेरतपासणीतही फरक किरकोळच निघाला. पटत नसेल तर कारल्याचा रस जिभेच्या शेंड्याला लावून पाहा.