क्लिनिंगने दात सैल होत नाहीत, आणि शुगरवाल्यांनी तर ते टाळूच नये

सध्या एक मेसेज फिरतोय. हिरड्यांतून रक्त आलं की ब्रश बंद करा, क्लिनिंग केलं की दात सैल होतात, शुगरवाल्यांनी डेंटिस्टकडे जाऊच नका आणि दातांचा बाकी शरीराशी काही संबंध नसतो म्हणे. चारही गोष्टी चूक आहेत.

रक्त बहुतेक वेळा येतं ते हिरडीच्या कडेला प्लाक (दातांवर बसणारा बॅक्टेरियांचा चिकट थर) साचून सूज आल्यामुळे. ब्रश बंद केला की प्लाक वाढणार, सूजही वाढणार. मऊ ब्रशने हळू घासा पण घासा, आणि एक-दोन आठवड्यांत कमी नाही झालं तर दाखवा.

दात सैल होण्याचं म्हणाल तर प्लाक कडक होऊन त्याचा टार्टर होतो, तो ब्रशने निघत नाही, हिरडीखाली वर्षानुवर्षं राहिला की दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं आणि हे सगळं बऱ्याचदा न दुखता होतं. क्लिनिंगनंतर फटी दिसतात, थोडे दिवस थंड झोंबतं, कारण फटीत भरलेला टार्टर गेला आणि सूज उतरली. हाड आधीच गेलेलं असतं हो!

शुगरचा मुद्दा सगळ्यात घातक. शुगर जास्त असली की हिरड्यांचा आजार वाढतो, आणि हिरड्यांतली सूज उलट शुगर कंट्रोल करणं अवघड करते. बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर हिरड्यांच्या ट्रीटमेंटनंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगर दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरलेलं दिसतं. गोळ्या बंद करायच्या नाहीत, पण हा फायदा सोडायचा कशाला? शुगर खूप वाढलेली असेल तर दात काढणं वगैरे पुढे ढकलतात, ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त शुगर आहे हे आधी सांगा.

राहिला शरीराशी संबंध. तोंडातले बॅक्टेरिया रक्तात जातात, आणि हार्टचा व्हॉल्व्ह खराब किंवा कृत्रिम असेल तर तिथे इन्फेक्शन करू शकतात. मात्र हिरड्या नीट केल्या की हार्ट अटॅक टळतो हा उलटा मेसेजही पुढे पाठवू नका, अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्येच सांगितलंय की दोन्हींचा संबंध दिसतो पण एकामुळे दुसरं होतं हे सिद्ध नाही.

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर त्यांच्या तोंडाकडे जास्त लक्ष द्या, कारण लाळेबरोबर बॅक्टेरिया फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. दात रोज साफ करून द्या, आणि कवळी असेल तर रात्री काढून, ब्रशने धुऊन पाण्यात ठेवा.