आजीकडे सातबारा मागा

अमेरिका खंडात माणूस पहिल्यांदा कधी आला, या विषयातले जाणकार व्हायचंय? सोपं आहे. एक आकडा धरा आणि लग्नाच्या मुहूर्तासारखा जपा. त्याआधी कुणी आलेलं चालणार नाही!

गेल्या शतकात हा मुहूर्त होता सुमारे १३,००० वर्षांपूर्वीचा. न्यू मेक्सिकोत क्लोव्हिस गावाजवळ दगडी भाल्यांची पाती सापडली आणि ती घडवणारेच खंडाचे पहिले रहिवासी ठरले. चिलीत मॉन्टे वर्दे इथली वस्ती पुरातत्त्वज्ञ टॉम डिलेहे यांनी साडेचौदा हजार वर्षांपूर्वीची म्हणून सांगितली, तेव्हा काय करायचं? वर्षानुवर्षं 'नमुन्यात भेसळ असेल' म्हणायचं, मग १९९७ साली तज्ज्ञांचं मंडळ नेऊन 'आहे बुवा' म्हणायचं. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्याच व्हाइट सँड्सला २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीचे पावलांचे ठसे जाहीर झाले. तिथे आधी ज्यांवरून ठशांचं वय काढलं त्या बियांवर संशय घ्या.

मूळ रहिवाशांना मात्र विचारू नका. त्यांच्यातले कितीतरी म्हणतील, 'आम्ही आलो नाही, इथलेच आहोत.' यावर मंद हसावं आणि आजीकडे सातबारा मागावा. मौखिक परंपरेला इतिहास म्हणून काडीची किंमत नाही, असं मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट लोवी १९१५ सालीच सांगून गेलेत. (ऐकीव गोष्टीतलं सगळंच खरं नसतं, हे मलाही कळतं. पण भाल्याच्या पात्याला तरी कुठे तोंड आहे? त्याच्या वतीने आपणच बोलतो.)

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातले मूळचे क्लॅमथ लोक सांगतात, पाताळातला देव लाओ आणि वरच्या जगातला देव स्केल यांची लढाई झाली, आगीचा पाऊस पडला, डोंगर खचला, तळं झालं. माझामा ज्वालामुखी सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी फुटून खचला आणि तिथे आज क्रेटर लेक आहे. त्याच्याच राखेखाली, फोर्ट रॉकच्या गुहेत, झुडपाच्या सालीच्या विणलेल्या चपला निघाल्या. म्हणजे तो फुटण्याआधीपासून तिथे माणसं होती. 'योगायोग' हा शब्द खिशात असू द्या.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मूळचे हेल्टसुक लोक पिढ्यानपिढ्या म्हणत आले, हिमयुगातही इथली एक पट्टी गोठली नव्हती. तिथल्याच ट्रिकेट बेटावर चूल सापडली, कोळसा निघाला सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा. मथळा द्या, 'शास्त्रज्ञांचा शोध'. अगदी खाली लिहा, 'स्थानिक दंतकथांशीही जुळतं'. त्यातला 'ही' विसरू नका, सगळी मेहनत त्यातच आहे.

आणि हाडं सापडली तर सोडू नका. १९९६ साली कोलंबिया नदीकाठी केनेविकला साडेआठ हजार वर्षांच्या आसपासचा सांगाडा मिळाला. जमाती म्हणाल्या, 'आमचा पूर्वज आहे, पुरू द्या.' तुम्ही म्हणा, कवटी तुमच्यासारखी दिसत नाही. २००४ मध्ये न्यायालयाकडून अभ्यासाची परवानगी मिळवा. २०१५ मध्ये डीएनए सांगेल की तो त्यांचाच. २०१७ च्या फेब्रुवारीत त्यांना तो पुरायला मिळेल. माफीबिफी मागायची नसते. तुलनेसाठी आपल्या डीएनएचे नमुने दिल्याबद्दल, त्याला पूर्वज म्हणणाऱ्यांपैकीच असलेल्या कोलव्हिल जमातींचे आभार तेवढे माना.